मॅडम जेवायला गेल्या

मी दिवसातून किती वेळा जेवते, याची आमच्या गल्लीत चर्चा सुरू झाली होती. सकाळी कुणी आमच्या मेडिकल स्टोअरमध्ये गेलं आणि विचारलं, फार्मासिस्ट कुठे आहे, की उत्तर मिळायचं, "मॅडम जेवायला गेल्या." दुपारी तेच. दिवेलागणीलाही तेच. शेजारच्या काकू एकदा भाजीच्या ठेल्यापाशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय वं, इतकी जेवतं, तरी अंगाले काहून लागत नाही तुह्या?" बाया हसल्या. मीही हसले. घरी येऊन मात्र पिशवी ओट्यावर अशी आपटली की दोन टमाटे फुटले.

कारण मी जेवायला गेलेलीच नव्हते. मी त्या दुकानात बसतच नव्हते. तिथे बसत होतं माझं सर्टिफिकेट, काचेच्या फ्रेममध्ये, देवाच्या फोटोच्या बाजूला.

सुरुवातीपासून सांगते. मी फार्मसी शिकलेली. कळमेश्वरकडच्या आमच्या गावातून कॉलेजला जाणारी मी काही पहिली मुलगी नव्हे, पण वडिलांनी मला "शिकते त शिकू द्या" म्हणून हट्टानं शिकवलं. कौन्सिलमध्ये माझी नोंदणी झाली, तो नंबर मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतो. लग्नानंतर बुटीबोरीच्या एका औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. गोळ्या रोज हजारोंनी डोळ्यांखालून जायच्या, त्या खाणारा माणूस मात्र कधी दिसायचा नाही. मला माणसं हवी होती. समोर कुणीतरी उभं असावं, चिठ्ठी पुढे करावी आणि मी विचारावं, "कोणासाठी आहे? आधीच्या कोणत्या गोळ्या सुरू आहेत?" एवढंच माझं स्वप्न. फार मोठं नव्हतं हो.

म्हणून माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, चौकात मेडिकल टाकायचं ठरवलं आणि "आपल्या घरातच फार्मासिस्ट आहे, बाहेरचा कायले शोधायचा?" असं म्हटलं, तेव्हा मी आनंदानं नोकरी सोडली. लायसन्सच्या कागदांवर सह्या केल्या. त्यात लिहिलं होतं, मी या दुकानात पूर्णवेळ हजर राहीन आणि माझ्या देखरेखीखाली औषधं दिली जातील. मी ते वाचलं, मला ते पटलं आणि मी सही केली. बाकीच्यांनीही वाचलं असेल. पण त्यांनी ते लग्नाच्या पत्रिकेवरचा "आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे" हा मजकूर वाचावा तसं वाचलं.

उद्घाटनाच्या दिवशी मी पांढरा कोट इस्त्री करून पिशवीत घेऊन गेले. बघते तर काय, माझं सर्टिफिकेट भिंतीवर, त्यावर माझा कॉलेजातला फोटो आणि फोटोला झेंडूचा हार! सासूबाईंनी हौसेनं घातला होता. मी म्हटलं, "आई, अजून जिवंत आहे मी." त्यांनी जीभ चावली, लगबगीनं हार काढून गणपतीला घातला आणि मला जवळ घेऊन कुंकू लावलं. "माह्या सुनेचं नाव दुकानात लागलं," असं आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत होत्या. त्यांचं खोटं नव्हतं काही. त्यांना खरंच अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी मी कोट घालून दुकानात गेले. काउंटरच्या मागे दोन खुर्च्या होत्या. एक गल्ल्यावर भासऱ्यांची, दुसरी काउंटरवरच्या भाऊंची. हे भाऊ पन्नाशीचे, अख्खं आयुष्य या ना त्या मेडिकलमध्ये काढलेले, डॉक्टरांचं अक्षर लागावं तर त्यांनाच. माझ्यासाठी खुर्ची नव्हती. भासरे एकदम उभे राहिले आणि भाऊंना म्हणाले, "तिले थंडं पाजा. काही काम होतं का विचारा."

आता हेही सांगावं लागेल. आमच्याकडे भासरा आणि लहान भावाची बायको एकमेकांशी थेट बोलत नाहीत. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. त्यांना माझ्या हातची पोळी आणखी हवी असली तर ते सासूबाईंकडे बघून म्हणणार, "आई, पोळी आहे का?" मला काही सांगायचं असलं तर मी नवऱ्याला सांगणार, भासरे दोन हातांवर बसलेले असले तरी. मी घरात आल्यापासून हे असंच चालत आलं होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. पण त्या दिवशी खुर्चीविना उभी असताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एका काउंटरमागे भासरा आणि भावसून दिवसभर बाजूबाजूला बसतील, हे या माणसाच्या मनात कधी आलंच नव्हतं. फार्मासिस्ट हवा म्हणजे भिंतीवर फ्रेम हवी, असंच त्यानं आजवर दहा दुकानांत पाहिलेलं. मी येईन हे त्याला वाटलंच नव्हतं, आणि मी येणार नाही हे मला वाटलं नव्हतं.

मी थंडं प्यायले आणि घरी आले. हे आठवलं की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. प्यायचं कशाला?

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. घरात बसवेना. तव्यावर पोळी टाकली की मनात यायचं, या घडीला माझ्या नावावर कुणाला काय दिलं जात असेल? कोणाची शुगर, कोणाची किडनी, कोणाला कशाची ॲलर्जी? पोळी जळायची. कोथिंबीर आणायच्या निमित्तानं चौकातून चक्कर मारायची, लांबूनच दुकानाकडे बघायचं आणि कोथिंबीर न घेताच परत यायचं. सासूबाई विचारायच्या, "काय हरवलं वं तुहं?" काय सांगू त्यांना? मीच हरवले होते.

नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बोला भावाशी. त्याची गत धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. "सगळेच असं करून राहिले वं," म्हणाला. "चौकाचौकात जाऊन पाय. आपणच काय जगावेगळे?" खोटं नव्हतं ते. माझ्याबरोबर शिकलेल्या कितीतरी जणी स्वयंपाकघरात होत्या आणि त्यांची सर्टिफिकेटं भिंतींवर. पण सगळ्यांच्या घराला आग लागली म्हणून आपल्या घराची विझवायची नाही की काय?

एकदा दुकानातून फोन आला. काउंटरवरचे भाऊ हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, औषध खात्याचे साहेब येऊन राहिले तपासणीले. कोट घालून लवकर या." मी स्कूटी काढली आणि पोचले. काउंटरमागे शिंप्याच्या दुकानातून उसनी आणलेली खुर्ची मांडली होती. भासरे रस्त्याच्या पलीकडे पानठेल्यावर जाऊन उभे. साहेब आले, सज्जन माणूस. फ्रीजचं तापमान पाहिलं, मुदत संपलेली औषधं वेगळी ठेवली आहेत का ते पाहिलं, सर्टिफिकेटवरचा फोटो आणि मी, दोन्ही नीट पाहिले. मला दोन-तीन प्रश्न विचारले, मी धडाधड उत्तरं दिली. "छान," म्हणाले, "असे फार्मासिस्ट पाहिजेत." ते गेले. शिंप्याची खुर्ची गेली. मीही गेले. घरी जाताना सिग्नलला कोट घालूनच उभी होते आणि डोळ्यांतून पाणी काढायचं नाही म्हणून दात आवळून धरले होते. साहेबांना तोंड उघडून सांगायला हवं होतं की काय, हा विचार डोक्यात घोंघावत होता. पण घरच्या माणसाचं दुकान, घरच्यांची भाकरी. जीभ उचलत नाही.

इकडे सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या होत्या, "माह्या सुनेचं मेडिकल आहे. डोळे मिटून जा." आणि लोक डोळे मिटून जात होते.

मे महिन्यातली दुपार. बाहेर अंगार बरसत होता, घरात कूलरची घरघर. मी आडवी पडले होते, झोप कसली. दार वाजलं. शेजारच्या काकू, डोक्याला ओढणी बांधलेली, चेहरा उतरलेला. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा संपत आलेला. तिच्या डोहाळजेवणाला मीच तर हिरवी साडी नेली होती.

काकू म्हणाल्या, "अवं, पोट्टीले बाळ कमी हलल्यासारखं वाटून राहिलं. तू देलेल्या गोळीनं कंबर त थांबली तिची, पण..."

"मी दिलेल्या गोळीनं?"

त्यांनी ओच्यातून गोळ्यांची पट्टी काढली. मी नाव वाचलं आणि पट्टी उलटसुलट करून परत वाचलं. दुखण्यावरची गोळी, साधीच, कोणीही घेईल अशी. पण सातव्या महिन्यातल्या बाईनं ती घ्यायची नसते. पोटातल्या बाळाभोवतीचं पाणी तिनं कमी होऊ शकतं. पट्टीतल्या बऱ्याच गोळ्या संपल्या होत्या.

"काकू, पोरगी गरोदर आहे हे तुम्ही दुकानात सांगितलं नाही?"

"सांगायचं कायले?" काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुले माहीत नाही का? त्या भाऊले म्हटलं, आमच्या पोट्टीची कंबर दुखते, मॅडमले विचारून दे. तो आत गेला, बाहेर आला न म्हणे, मॅडम म्हणते देऊन दे. तुले त ठाऊक आहे ना आमच्या घरचं. म्हणून त मी डॉक्टरीणबाईकडे गेली नाही."

अवं माय! मला तिथंच जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. आत कोण होतं? औषधाच्या कपाटामागे जाऊन, चार श्वास घेऊन, बाहेर येऊन म्हणायचं, मॅडम म्हणतात दे. गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून भाऊंची ती जुनी सवय. काकूंनी ते सगळं खरं मानलं. परक्या दुकानात गेल्या असत्या तर पहिलं वाक्य "पोट्टी दोन जिवांची आहे" हेच बोलल्या असत्या. माझं नाव होतं म्हणून बोलल्या नाहीत.

ऑटो केला. पोरगी पोटावर हात धरून मध्ये बसलेली, एका बाजूला काकू, एका बाजूला मी. ऑटोवाल्याला मी सारखं "जरा लवकर चाला गा भाऊ" म्हणत होते आणि खड्डा आला की "हळू, हळू" म्हणून ओरडत होते. पोरगीच मला म्हणाली, "ताई, तू घाबरू नको वं." ती मला धीर देत होती. तिला अजून काही माहीत नव्हतं.

दवाखान्यात तिला सोनोग्राफीला आत घेतलं. बाहेरच्या बाकावर मला बसवेना. उभी राहिले, पाणी प्यायले, परत बसले, परत उठले. काकू जपमाळ ओढावी तशी पदराचं टोक ओढत होत्या. मनात एकच होतं, बाळ हललं पाहिजे. मी देवाला नवस बोलणारी बाई नाही, त्या दिवशी बोलले. कोणकोणत्या देवाला बोलले ते आठवतसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. ठोके चांगले होते. पाणी थोडं कमी दिसत होतं. गोळी आजच बंद करायची, चार दिवसांनी परत दाखवायचं, बहुतेक भरून येईल, म्हणाल्या. पोरीनं हुश्श केलं. मग डॉक्टरीणबाईंनी पट्टी हातात घेऊन विचारलं, "ही कोणी दिली?"

काकूंनी माझ्याकडे बोट केलं. रागानं नाही. जशी ओळख करून द्यावी तसं. "हिनंच. आमच्या शेजारचीच आहे, फार्मासिस्ट."

मी म्हटलं, "मी नाही दिली, काकू. मी दुकानात बसतच नाही. मी तिथे एक दिवससुद्धा बसलेली नाही. मला कोणी काही विचारलं नाही."

 डॉक्टरीणबाईंनी पट्टी टेबलावर ठेवली. मी घरी दिसले की जेवायला आलेली, असंच काकू आजवर धरून चालल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "मंग नाव काहून लावलं वं?"

मी पट्टी उचलून पिशवीत टाकली.  

त्यांना घरी सोडून मी सरळ दुकानात गेले. संध्याकाळची वेळ, काउंटरला गर्दी. भासरे गल्ल्यावर. मी आत शिरले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले. "भाऊजी, शटर खाली घ्या."

ते गडबडले. माझ्याकडे न बघता भाऊंना म्हणाले, "काय झालं विचारा हिले."

"भाऊंना कशाला? मी तुमच्याशी बोलते आहे," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. गिऱ्हाइकांसमोर. आवाज चढला होता, चढू दिला. काउंटरवरचे भाऊ पांढरेफटक पडले. "मॅडम, मले काय माहीत ती..." म्हणाले. भासरे भिंतीकडे बघत राहिले. खरं सांगते, त्यांचाही चेहरा पाहवत नव्हता. काकूंच्या पोरीला त्यांनी खांद्यावर बसवून जत्रेत नेलेलं. मग ते म्हणाले, "बाळ बरं आहे ना?" आणि हे त्यांनी मला विचारलं. भाऊंना नाही, भिंतीला नाही.

"बरं आहे. पण फार्मासिस्ट नसला की दुकान बंद, असा नियम आहे. उद्यापासून एक तर मी इथे बसेन, नाहीतर माझं नाव काढून घ्यायला मी स्वतः साहेबांच्या ऑफिसात जाईन. दोन्हींतलं काय ते तुम्हीच सांगा."

ते उठले आणि शटर ओढलं.

घरी रात्रीचं जेवण कोणी धड केलं नाही. सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. "भासऱ्यासमोर, चार लोकांत," एवढंच पुटपुटत होत्या. मग काकूंकडे जाऊन आल्या आणि परत आल्यावर पुटपुटणंही बंद झालं. त्या आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून बसल्या. त्यांनीच तर काकूंना त्या दुकानात धाडलं होतं.

सकाळी मी कोट घातला आणि अंगणातली प्लास्टिकची खुर्ची उचलली. स्कूटीवर ती काही केल्या बसेना. पुढे ठेवली तर हँडल वळेना, मागे ठेवली तर टिकेना. नवरा दारात उभा राहून बघत होता. मी म्हटलं, काही बोलाल तर बघा. तो मुकाट्यानं मागच्या सीटवर बसला, खुर्ची उलटी करून डोक्यावर धरली आणि म्हणाला, "चाल." चौकापर्यंत लोक आमच्याकडे बघून हसत होते. त्या माणसाबद्दल मी आजवर जे काही बोलले असेन नसेन, त्यातलं निम्मं मी त्या दिवशी मागे घेतलं.

दुकान उघडं होतं. भासऱ्यांनी आपली खुर्ची गल्ल्यासकट पार टोकाला सरकवली होती. मधली जागा रिकामी होती. तिथे मी बसले, ती आजपर्यंत.

एकदम रामराज्य आलं असं नाही हो. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देत नाही म्हणून लोक तावातावानं समोरच्या दुकानात गेले, आणि अजूनही जातात. भाऊ आधी नाक मुरडायचे, आता मला दाखवल्याशिवाय काही पुढे करत नाहीत. भासरे अजूनही भाऊंनाच सांगतात, "मॅडमले विचारा." पण विचारतात. मी प्रत्येकाला विचारते, कोणासाठी, वय काय, आधीचं काय सुरू आहे, बाई असेल तर दिवस गेलेत का. "इतकं त डॉक्टर बी नाही विचारत," म्हणून लोक वैतागतात. वैतागोत.

काकूंच्या मुलीच्या पोटातलं पाणी भरून आलं. दिवस भरून मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. पेढे गल्लीत घरोघर वाटले, आमच्याकडेही आले. पण काकू दुकानात आल्या नाहीत. रोज दुकानावरून जायच्या, माझ्याकडे बघून मान हलवायच्या आणि चौक ओलांडून दुसऱ्या मेडिकलमध्ये जायच्या. मी काउंटरमागून बघायची.  काय म्हणणार होते मी त्यांना? त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

परवा त्या आल्या. नात खांद्यावर झोपलेली. दुकानाच्या पायऱ्या चढल्या आणि पदरातून एक खोकं काढून काउंटरवर ठेवलं. बाळाचे थेंब, चौकापलीकडच्या दुकानातून घेतलेले. पिशवीसुद्धा त्याच दुकानाची.

"वाच बरं जरा हे," म्हणाल्या. "बरोबर देलं का त्यानं?"

मी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. नाव जुळवलं, मुदत पाहिली, सील पाहिलं. दिवसातून एकदाच, किती, कसं, पाजायच्या आधी हात धुवायचे, बाटली उन्हात ठेवायची नाही, सगळं सांगितलं. काकूंनी सगळं ऐकलं, मग परत एकदा सांगायला लावलं. खोकं पदरात गुंडाळलं.

"उद्या काही विचाराले आली, त तू राहशीन ना वं इथं?"

"राहीन, काकू."

त्या दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या, मागे वळल्या. "खरंच राहशीन ना?"

मी परत हो म्हटलं.